शिडाच्या नौकेचे दोर आणि त्यांची निगा

मे महिन्याचा उत्तरार्ध लागला आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्याला जोर चढू लागला, की मुंबईस अपोलो बंदरासमोर नांगरून पडलेल्या शिडाच्या क्रीडानौका एकेक करून किनाऱ्यावर ओढून घेतल्या जातात, आणि पावसाळा सरून समुद्र पुन्हा निवळेपर्यंत त्या ताडपत्रीखाली मुक्काम करतात. शिडे उतरवून, वाळवून, घड्या करून कोठीत जातात. लाकडास व्हार्निश आणि बुडास रंग लावण्याची तजवीज होते. परंतु दोरांची आठवण फारच थोड्यांना राहते. डोलकाठीच्या पोटातून खाली आलेले, कठड्याला गुंडाळलेले, नौकेच्या तळाशी वेटोळे करून टाकलेले दोर जेथल्या तेथे पडून राहतात, आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत या शहरावर जो सुमारे २००० मिलिमीटर पाऊस कोसळतो त्याची ओल, हवेतला दमटपणा आणि ताडपत्रीखाली कोंडलेला अंधुक उजेड यांच्या आश्रयाने त्यांच्यावर शेवाळाचा हिरवा थर आणि बुरशीचे काळे ठिपके बिनबोभाट वाढत जातात. हंगामाच्या तोंडावर नौका पाण्यात उतरविण्याची घाई सुरू झाली म्हणजे हे दोर हाताला बुळबुळीत आणि ताठर लागतात, कप्पीतून सरकत नाहीत, आणि मालकाच्या मनात दोनच विचार येतात : एक तर सगळे फेकून नवे आणावेत, नाही तर एखादे जालीम द्रव्य ओतून आणि पाण्याचा जोरदार फवारा मारून ते एका दुपारीत पांढरे करून टाकावेत. यांपैकी पहिला विचार अकारण खर्चाचा आहे आणि दुसरा उघड घातकी आहे. दोर धुणे हे मुख्यतः गोड्या पाण्याचे आणि सवडीचे काम आहे; तेथे बळाचा आणि औषधाचा वाटा जितका कमी तितका दोर अधिक टिकतो, ही गोष्ट ज्याने एक-दोन हंगाम स्वतःच्या हाताने दोर धुतले आहेत त्याला निराळी पटवून द्यावी लागत नाही.

दिसणारा मळ निराळा आणि दोराचा घात करणारा मळ निराळा, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. शेवाळ ही उजेड आणि ओल यांवर स्वतःचे अन्न स्वतः तयार करणारी क्षुद्र वनस्पती आहे; टेरिलीन किंवा नायलॉन तिला पचत नाही, म्हणून केवळ हिरवेपणाने आजचा कृत्रिम तंतूचा दोर कुजत नाही. तिचा उपद्रव वेगळ्या तऱ्हेचा आहे. तिच्या बुळबुळीत थरात पाणी साठून राहते, धूळ आणि बंदरातील काजळी चिकटून बसते, आणि दोर हातातून किंवा विंचवरून नको त्या क्षणी निसटतो. बुरशीही तंतूवर जगत नाही. हाताचा घाम, तेलकटपणा, पक्ष्यांची विष्ठा यांचे जे सूक्ष्म पुट दोरावर चढलेले असते त्यावर तिचा निर्वाह चालतो. खरा शत्रू आहे तो मीठ आणि रेती. समुद्राच्या प्रत्येक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून जाते आणि क्षारांचे टोकदार स्फटिक तंतूंच्या मध्ये मागे राहतात, त्यांच्या जोडीला किनाऱ्यावरची बारीक रेती येऊन बसते, आणि दोरावर ताण पडून तो कप्पीत वाकला की हे कण आतून तंतू घासू आणि कापू लागतात. शिवाय मीठ हवेतील ओल शोषून घेते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाला जसे पाणी सुटते तसेच दोरातल्या मिठालाही सुटते, आणि म्हणून खारट दोर मुंबईच्या हवेत कितीही टांगून ठेवला तरी कधीच पुरता वाळत नाही. जो वाळत नाही त्यावर शेवाळ येणारच. एवढी कार्यकारणपरंपरा ध्यानात घेतली म्हणजे ब्रश हाती घेण्यापूर्वी बादलीभर गोडे पाणी का घ्यावयाचे हे सांगण्याची गरज उरत नाही.

दुसरी चौकशी करावयाची ती दोर कशाचा आहे याची, कारण एका तंतूला जे मानवते ते दुसऱ्याला मारक ठरते. अमेरिकेत कॅरदर्स यांनी १९३५ साली नायलॉन सिद्ध केले आणि इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी १९४१ साली टेरिलीनचा, म्हणजे पॉलिएस्टरचा तंतू शोधून काढला. युद्ध संपल्यानंतर हे तंतू दोरखंडांत आले आणि ताग, मनिला, कापूस यांच्या दोरांची सद्दी हळूहळू संपली. आज शीड वर चढविणारे हॅलयार्ड आणि शिडाचा कोन राखणाऱ्या शीट बहुधा पॉलिएस्टरच्या वेणीदार दोराच्या असतात. नांगराला आणि धक्क्याला बांधावयाचा दोर नायलॉनचा असतो, कारण तो ताणला जाऊन हिसका सोसतो. तरंगता हलका दोर पॉलिप्रॉपिलीनचा. आणि शर्यतीच्या नौकांवर डायनीमासारखा, जाडीच्या मानाने विलक्षण बळकट दोर आढळतो. दोर जुना असून त्याची जात ठाऊक नसेल, तर त्याच्या टोकाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा कापावा, त्याचे तंतू सुटे करावेत आणि साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात ते बोटांनी दाबून त्यांतील हवा पुरती बाहेर काढावी. पॉलिप्रॉपिलीनचे विशिष्ट गुरुत्व ०.९१ आणि डायनीमाचे ०.९७ असल्यामुळे हे दोन्ही वर येतात, नायलॉन १.१४ आणि पॉलिएस्टर १.३८, म्हणून ते बुडतात. बुडालेल्या दोहोंतला भेद दोर ओढून पाहिला की कळतो, कारण ताणाखाली नायलॉन स्पष्टपणे लांबते आणि पॉलिएस्टर फारसे बधत नाही. वेणीदार दोरात आवरण एका जातीचे आणि गाभा दुसऱ्या जातीचा असू शकतो, यास्तव दोन्हींचे तंतू निरनिराळे तपासावेत.

ही माहिती केवळ कुतूहलाची नाही. नायलॉनला अम्ल सोसत नाही. पॉलिएस्टर अम्लाला फारशी दाद देत नाही, पण तीव्र आणि उष्ण क्षार, उदाहरणार्थ कॉस्टिक सोडा, त्याला खाऊन टाकतो. केव्हलारच्या जातीच्या पिवळसर तंतूंचा आणि नायलॉनचा क्लोरीनच्या ब्लीचने नाश होतो. तेव्हा बाजारात मिळणारे कोणतेही जालीम द्रव्य आपल्या नौकेवरच्या एका तरी दोराचा बळी घेणार, हे गृहीत धरून चालावे.

काथ्याचे आणि सुताचे दोर हा निराळा विषय आहे आणि कोकणच्या किनाऱ्यावर तो अद्याप पुरता इतिहासजमा झालेला नाही. काथ्यात लिग्निन नावाचे कठीण द्रव्य पुष्कळ असते, म्हणून सुंभ खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षे तग धरतो. सुती दोर मात्र जीवाणू आणि बुरशी अक्षरशः खातात, आणि याच कारणाने कोळी मंडळी सुताची जाळी झाडांच्या सालीच्या काढ्यात उकळून तुरट रंगवीत असत. असा नैसर्गिक तंतूचा दोर साबणात भिजत टाकू नये. तो कोरड्या कुंच्याने झाडावा, गोड्या पाण्याने झपाट्याने धुवावा आणि त्याच दिवशी वाऱ्यावर वाळवावा. त्याच्या गाभ्यातून कुबट वास येऊ लागला असेल तर तो धुण्याच्या पलीकडे गेला असे समजावे.

आता वेळेसंबंधी. पुष्कळ लोक दोर धुतात ते ऑक्टोबरात, कारण तेव्हा ते हिरवे दिसतात. माझ्या मते धुण्याचा खरा महिना मे हाच होय. तेव्हा शेवाळ अजून धरलेले नसते, मीठ आणि रेती मात्र हंगामभराची साठलेली असते, ऊन-वारा भरपूर असतो आणि जाड दोरही दोन-तीन दिवसांत गाभ्यापर्यंत वाळतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या पावसाळी छावणीचा बंदोबस्त मुद्दाम सांगितला आहे. नौका वापरात नसतानाच तिची सर्वांत अधिक काळजी घ्यावी लागते हे त्या काळच्या कारभाऱ्यांस ठाऊक होते, आणि पर्जन्य अजून तोच आहे. ज्यांची मे महिन्याची संधी हुकली त्यांनी अर्थातच ऑक्टोबरात धुवावे. कृती तीच, फक्त भिजविण्याचा अवधी अधिक.

डोलकाठीच्या आतून जाणारे हॅलयार्ड काढताना एक गोष्ट फार सांभाळावी लागते. दोर तसाच ओढून काढला तर पुन्हा आत ओवण्यासाठी कोणाला तरी डोलकाठीच्या माथ्यावर चढवावे लागते. म्हणून दोराच्या मागे एक बारीक ओढदोरी आत सोडावयाची असते. ती दोराला गाठ मारून जोडू नये, कारण गाठ माथ्यावरच्या कप्पीत अडकते आणि मग पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. दोराचे टोक आणि ओढदोरीचे टोक समोरासमोर टेकवावे, दाभणात मेणदोरा ओवून दोहोंच्या पोटातून आरपार पाच-सहा टाके घ्यावेत, शेवटचे टाके थोडे तिरपे घालावेत म्हणजे जोड वाकूनही उसवत नाही, आणि वरून चिकटपट्टीचा एकच पातळ वेढा द्यावा. जोड बोटांत धरून दोन्ही बाजूंनी हिसका देऊन पाहावा. तो लवचिक असला पाहिजे आणि दोरापेक्षा जाड नसला पाहिजे. ओढण्यापूर्वी ओढदोरीच्या मोकळ्या टोकाला मोठी गाठ मारून ते खुंटाला बांधून टाकावे. एकाने खालून सावकाश ओढावे, दुसऱ्याने ओढदोरी किंचित ताणून सोडीत जावे. जोड माथ्यापाशी पोचला की हाताला अडथळा जाणवतो, तेथे जोर न करता थोडे मागे घेऊन पुन्हा ओढावे. पावसाळाभर डोलकाठीत ही ओढदोरीच राहते, मूळ दोर घरी सुरक्षित असतो. ओढदोरी हिरवी पडली तरी तिचे मोल ते किती!

उतरविलेल्या दोरांच्या गाठी सोडाव्यात, शॅकल आणि आकडे काढून ठेवावेत, आणि उघडी टोके मेणदोऱ्याने गच्च बांधून घ्यावीत, कारण धुताना आवरण आणि गाभा कमी-अधिक सरकले तर उघड्या टोकातून गाभा आत ओढला जातो. त्यानंतर पहिले काम कोरडे. सुकलेला मळ मऊ ब्रशने दोराच्या लांबीच्या दिशेने झाडून काढावा. आडवे घासल्याने बारीक तंतू उपसून येतात. पुढे दोराची सैलसर साखळीवीण घालावी, म्हणजे तीस-चाळीस हात लांबीचा दोरही पिंपात गुंतत नाही, आणि तो पिंपभर गोड्या पाण्यात, नुसत्या पाण्यात, रात्रभर बुडवून ठेवावा. पाण्यात काही घालण्याची येथे घाई करू नये. मीठ विरघळण्यास केवळ पाणी आणि वेळ लागतो. साबण खाऱ्या पाण्यात नीट फेसाळत नाही, म्हणून मीठ निघण्यापूर्वी घातलेला साबण बहुतांशी वाया जातो. सकाळी पिंपातल्या पाण्याकडे निरखून पाहावे : वर गढूळ तपकिरी किंवा हिरवट पाणी, आणि ते हळूच ओतून दिल्यावर तळाशी करड्या रेतीचा पातळ साका. ज्या दोराला आपण स्वच्छ समजत होतो त्याच्या पिंपातही हा साका निघतो, आणि तो बोटांत चोळून पाहिला म्हणजे हंगामभर आपण तंतूंत काय वागवीत होतो याची कल्पना येते. तळ स्वच्छ दिसेपर्यंत पाणी बदलावे; तीन-चार पाण्यांत बहुधा भागते.

मग साबण. भांडी घासण्याचा सौम्य द्रव साबण किंवा लोकरीचे कपडे धुण्याचा साबण बादलीला दोन चमचे एवढा पुरतो. रिठ्याचे पाणीही चालते, रेशीम आणि लोकर ज्याने धुतात त्याने दोराला काही अपाय होत नाही. पाणी कोमट असावे, ४० अंशांच्या पुढे नसावे. उकळत्या पाण्याने नायलॉन आक्रसते आणि मग तो दोर कधीच पूर्ववत मऊ होत नाही. दोर साबणाच्या पाण्यात तासभर मुरला की हातांनी दाबून सोडावा, दाबून सोडावा, म्हणजे पाणी गाभ्यापर्यंत आत-बाहेर खेळते. धोतर पिळावे तसा मात्र तो पिळू नये : तीनपेडी दोराचे पेड उलट्या पिळाने सुटतात, आणि वेणीदार दोराचे आवरण गाभ्यावरून सरकून एका जागी फुगते. शेवाळाचे डाग राहिले असतील त्या जागी दोर फळीवर सरळ ठेवून मऊ ब्रशने लांबीच्या दिशेने घासावा. याउपरही हिरवट झाक राहिली तर ती राहू द्यावी. दोर वापरायचा आहे, प्रदर्शनात मांडायचा नाही.

ज्यांस ती झाक खुपतेच त्यांच्यासाठी दोन उपाय निर्धोक आहेत. पॉलिएस्टरच्या दोरासाठी साधे पांढरे व्हिनेगर पाच-सहा पट पाण्यात मिसळून त्यात अर्धा तास दोर बुडवावा आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावा. शेवाळ सुटते आणि बुरशीचा वास जातो. नायलॉनच्या दोरावर हा प्रयोग करू नये. दुसरा उपाय ऑक्सिजनच्या जातीच्या ब्लीचचा, म्हणजे सोडियम परकार्बोनेटच्या भुकटीचा. ती वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणाहून कमीच घेऊन कोमट पाण्यात पूर्ण विरघळवावी आणि मगच त्यात पॉलिएस्टरचा दोर सोडावा. क्लोरीनच्या ब्लीचला हात लावू नये. ते दोराला वाईट आहेच, पण व्हिनेगर किंवा कोणतेही अम्ल त्यात मिसळले गेले तर विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो, आणि बंद शेडमध्ये तो प्राणावर बेतू शकतो. ही सूचना नौकेवर काम करणाऱ्या प्रत्येक माणसाला तोंडी आणि स्पष्ट शब्दांत दिली पाहिजे. धुण्याचे पाणी समुद्रात ओतू नये, गटारात सोडावे.

जोराच्या फवाऱ्याचे यंत्र आता जिकडे तिकडे झाले आहे, आणि नौकेचे बूड धुण्यास ते उत्तमच आहे. दोरावर त्याचा प्रयोग करणे म्हणजे पृष्ठभागावरची रेती दाबाने गाभ्यात ढकलणे होय. शिवाय तीक्ष्ण धारेने आवरणाचे तंतू तुटतात आणि वेणी विसकटते. वरून दोर चकचकीत दिसतो, म्हणून नुकसान झाले आहे हे मालकाला कळतही नाही. कपडे धुण्याच्या यंत्राबद्दल मतभेद आहेत. समोरून दार असलेल्या यंत्रात, उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधलेला, साखळीवीण घातलेला बारीक दोर थंड पाण्याच्या सर्वांत हलक्या फेऱ्यावर धुतला तर बहुधा बिघडत नाही. मध्ये दांडा असलेल्या यंत्रात मात्र तो दांड्याला गुंडाळला जाऊन दोर आणि यंत्र दोन्ही खराब होतात. नांगराचा किंवा हॅलयार्डचा दोर, ज्यावर माणसाचा आणि नौकेचा भरवसा आहे, तो यंत्रात घालू नये, हातानेच धुवावा. वाळविण्याचे तापलेले यंत्र तर कोणत्याही दोराला वर्ज्य आहे.

काही डागांची जात निराळी असते. विंचच्या अल्युमिनियमच्या पिंपावरून सरकणाऱ्या भागावर करडा-काळा पट्टा उमटतो. तो धातूचा असतो, साबणाने फिका होतो पण जात नाही, आणि त्याने दोराचे काही बिघडत नाही. लोखंडी शॅकलचा गंज पॉलिएस्टरवर लिंबाच्या रसाने किंवा पातळ ऑक्झॅलिक अम्लाने निघतो. हे अम्ल विषारी आहे, हातमोजे हवेत, आणि नायलॉनवर ते वापरता कामा नये. पावसाळ्याच्या सुमारास आपल्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्रातून जे डांबराचे गोळे वाहून येतात त्यांचा डाग सर्वांत चिवट. त्यावर रॉकेल किंवा पेट्रोल ओतण्याची सवय आहे, ती सोडावी. त्याने डांबर पातळ होऊन खोल मुरते आणि वास हंगामभर जात नाही. डांबर थंडीत कडक झाले असता बोथट लाकडी पट्टीने खरवडावे, राहिलेल्यावर भांडी घासण्याचा साबण न पातळ करता चोळावा, आणि उरलेला काळेपणा पत्करावा. पाण्यात सतत बुडून राहिलेल्या नांगरदोरीवर शेवाळाबरोबर बार्नेकलची चुनखडी कवचेही धरतात. ती ओली असताना सुरीने काढू पाहिल्यास पात्याने तंतू तुटतात. असा दोर दोन दिवस वाऱ्यावर वाळू द्यावा, कवचे ठिसूळ होतात, मग दोर वाकवून लाकडी हातोडीने हलके ठोकावा आणि भुगा झाडून टाकावा.

वाळविण्यासाठी दोर उन्हात पसरू नये. सूर्याच्या अतिनील किरणांनी तंतू जीर्ण होतात, पॉलिप्रॉपिलीन सर्वांत आधी, त्यामागोमाग नायलॉन. पॉलिएस्टर बराच काळ टिकते, पण अमर नाही. जाड टर्किश टॉवेलात गुंडाळून दाबून पाणी टिपावे आणि सावलीत, वारा खेळता असेल तेथे वलणीवर मोठ्या सैल वेटोळ्यांनी टांगावा. वेटोळी रोज फिरवावीत, नाही तर खालच्या वाकात पाणी साठते. शेवटच्या पाण्यात कपडे मऊ करण्याचे द्रव्य थोडे घालावे की नाही याविषयी जाणकारांत एकमत नाही. तंतूंना थोडे वंगण मिळून ताठर दोर मऊ पडतो हे खरे. परंतु पकडीत दोर निसटण्याची शक्यता वाढते हेही खरे. शीट हातात धरावयाच्या असतात, तेथे मऊपणाला महत्त्व आहे, म्हणून जुन्या ताठर शीटपुरता मी त्याचा अत्यल्प उपयोग मान्य करीन. हॅलयार्ड आणि नांगराच्या दोराला ते नको.

येथवर जे श्रम केले त्यांचे फळ दोर वाळल्यावर मिळते, कारण स्वच्छ दोरच तपासता येतो. उजेडात बसावे आणि संपूर्ण दोर उघड्या हातातून वीत-वीत सरकवीत न्यावा. डोळ्यांपेक्षा बोटांवर अधिक विश्वास ठेवावा. आवरणावर सर्वत्र सारखी बारीक लव आली असेल तर चिंता नाही. एकाच ठिकाणी सूत तुटले असेल तर कारण शोधावे, तेथे बहुधा कप्पीचा किंवा फटीचा काठ धारदार झालेला असतो. बोटांना एखादी जागा अकस्मात बारीक किंवा पोकळ लागली तर आवरण शाबूत असूनही आतला गाभा तुटला आहे असे समजावे. एखादा भाग चकाकणारा, कडक आणि गुळगुळीत लागला तर तेथे घर्षणाच्या उष्णतेने तंतू वितळले आहेत. तीनपेडी दोराचे पेड हाताने किंचित उलट पिळून उघडावेत आणि आत पाहावे. पांढरी भुकटी दिसली तर रेतीने आपले काम केले आहे. पॉलिप्रॉपिलीनच्या दोराच्या पृष्ठभागावर खडूसारखी भुकटी येऊन कुसळे बोटात शिरू लागली तर त्याविषयी विचार करण्याचे काहीच उरलेले नाही.

हॅलयार्ड नेहमी दोनच जागी झिजतो : शीड पूर्ण चढले असता माथ्याच्या कप्पीवर येणारा भाग आणि खाली पकडीत सापडणारा भाग. बाकीचा दोर सुस्थितीत असेल तर टोकाकडून हातभर कापून टाकावा किंवा दोर उलटा ओवावा, म्हणजे त्या दोन जागांवर नवा भाग येतो आणि दोराचे आयुष्य पुष्कळ वाढते. प्रत्येक वेटोळ्याला लांबी, जाडी, जागा आणि धुतल्याचा महिना लिहिलेली चिठ्ठी बांधावी, आणि वेटोळी कोरड्या खोलीत लाकडी खुंट्यांवर टांगावीत. सिमेंटच्या जमिनीवर ठेवू नयेत, आणि बॅटरीच्या जवळ तर मुळीच नाही, कारण तिच्या अम्लाचा एक थेंब नायलॉनचा दोर बाहेरून न दिसता कमकुवत करून ठेवतो. हंगाम चालू असताना प्रत्येक फेरीनंतर बादलीभर गोडे पाणी दोरांवर ओतले, तर मे महिन्यातले निम्मे काम आधीच झालेले असते.

ज्या दोराविषयी शंका आली त्याला खालच्या कामावर घ्यावे : हॅलयार्डचा दोर ताडपत्री बांधण्यास, नांगरदोरी धक्क्यावरच्या रबरी टायरला. आणि जो निकालात काढावयाचा तो समुद्रात टाकू नये, अखंडही फेकू नये. त्याचे हात-हात लांबीचे तुकडे करावेत, कारण धुतलेला, पांढरा, लांबलचक दोर कचऱ्यातून कोणीतरी निश्चित उचलतो, आणि तो परांचीला किंवा मुलांच्या झोक्याला बांधतो. त्याचा गाभा तुटला आहे हे त्या माणसाला कोणी सांगितलेले नसते.